वाचल्याची पोच

संस्थेचे सचिव तोताराम आबा कधी कोणावर आवाज चढवत नसत. ते फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवत, आणि ज्याच्यासमोर तो चष्मा निघाला त्याने काय ते समजून घ्यायचं. त्या बुधवारी जळगावच्या मुख्य कार्यालयात चष्मा निघाला तो समीक्षा बैसाणेसमोर.

समीक्षा धुळ्याच्या उपकार्यालयातली कंत्राटी लिपिक. जूनअखेर तिची मुदत संपत होती आणि पुढच्या वर्षाच्या कागदावर आबांची सही तेवढी राहिली होती. टेबलावर आदल्या दिवशीचा पेपर पडला होता. बातमी बोटभर होती. शिंदखेड्याच्या शाळेचा शिपाई उखर्डू, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला, शाळा उघडली त्या पहिल्याच दिवशी घंटा द्यायला जाताना जिन्यावरून पडला. हात मोडला, डोक्याला टाके पडले. त्याला जवळजवळ दिसतच नाही हे दवाखान्यात कळलं. त्याने बदलीचा अर्ज केला होता आणि तो दोन महिने संस्थेत पडून होता.

एरवी आबा समीक्षाला ‘पोरी’ म्हणत. आज म्हणाले, “मॅडम, एकवीस एप्रिलला अर्ज आला. धुळे जिल्ह्याचे अर्ज तुमच्याकडे. फोल्डरमध्ये तो उघडलेला दिसतोय. उघडलात आणि ठेवून दिलात. का?”

“आबा, मी उघडलाच नाही. मला तो कधी ठळक दिसलाच नाही.”

“मग काय भुताने उघडला?”

भूत तिथेच बसलं होतं. आबांच्या डाव्या हाताला, खुर्चीच्या कडेवर, पेनाचं टोपण काढत आणि घालत. लीलाधर चौधरी, संस्थेच्या ईमेलचा सगळा कारभार सांभाळणारा. एकवीस एप्रिलच्या दुपारी तो अर्ज कोणी उघडला हे त्या खोलीत एकट्या त्याला माहीत होतं, कारण उघडणारा तोच होता.

आता ‘ठळक’ ही काय भानगड, ते सांगायला हवं.

संस्थेच्या चाळीसेक शाळा, निम्म्या जळगाव जिल्ह्यात, निम्म्या धुळ्यात. पूर्वी ज्या त्या लिपिकाच्या नावाने ईमेल यायची. लिपिक रजेवर गेला की अर्जही त्याच्याबरोबर रजेवर. लीलाधरने हे सगळं मोडून नवी घडी बसवली. दोन सर्व्हर आणले, एक जळगावात, एक धुळ्यात. दोघांनी मिळून एकच काम करायचं. इकडे आलेली ईमेल तिकडेही उमटायची आणि एक बंद पडला तरी दुसऱ्याने गाडा ओढायचा. त्यावर त्याने सामायिक फोल्डर बसवले. बदलीचे अर्ज एका फोल्डरमध्ये, रजेचे दुसऱ्यात. फोल्डर एकच, पण जळगावच्या वरिष्ठ लिपिक चारुलता मॅडमनाही दिसतो आणि धुळ्याच्या समीक्षालाही.

त्यात एक खुबी होती. न वाचलेली ईमेल ठळक अक्षरात दिसते आणि वाचली की साधी होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ही खूण प्रत्येकाची वेगळी ठेवायची की सगळ्यांची मिळून एकच, हे सर्व्हर बसवणाऱ्याच्या हातात असतं. लीलाधरने एकच ठेवली. एकाने उघडलं की सगळ्यांच्या पडद्यावर ओळ साधी. म्हणजे एकाच अर्जावर दोघं डोकं खपवणार नाहीत. प्रशिक्षणात त्याने फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘ठळक म्हणजे काम बाकी. साधं म्हणजे कोणीतरी हातात घेतलं.’ आणि खाली दोन रेघा मारून, ‘उगाच कोणी उघडून बघायचं नाही.’

नियम चांगला होता. सगळ्यांनी पाळला. मोडला तो फळ्यावर लिहिणाऱ्याने.

लीलाधरला दुसऱ्याचं वाचायची चटक होती. आपण तिला चटकच म्हणू, तो स्वतःशी तिला ‘तपासणी’ म्हणायचा. सगळे फोल्डर उघडायची मुभा त्याला कामासाठी होती, आणि दुपारचा चहा झाला की तो बदलीचे अर्ज चाळत बसायचा. त्याइतकं चविष्ट वाचन दुसरं नाही. कोणाचं मुख्याध्यापकाशी बिनसलंय, कोणाला सासऱ्याच्या गावापासून लांब जायचंय, जामनेरच्या एका मास्तरांना तर शेजारच्या मास्तरांचं तोंड बघायचं नव्हतं म्हणून बदली हवी होती. वाचून झालं की तो त्या ओळीवर ‘न वाचलेली’ अशी खूण करायचा. ओळ पुन्हा ठळक. ना कोणाला पत्ता, ना कोणाचं नुकसान. दीड वर्षात एकदाही चुकला नव्हता.

एकवीस एप्रिलला त्याने उखर्डूनानांचा अर्ज उघडला तो नाव ओळखीचं होतं म्हणून. लीलाधर मूळचा सोनगीरचा, आणि त्याच्या लहानपणी नाना तिथल्या शाळेत शिपाई होते. अर्ज त्यांच्या मुलीने, रत्नाने, लिहिला असणार. भाषा तिची, म्हणणं त्यांचं. डोळ्यांची नजर जात चालली आहे. शिंदखेड्याच्या शाळेत कोणाला सांगितलेलं नाही. दोन वर्षं राहिली आहेत. सोनगीरच्या शाळेत बदली मिळाली तर तिथला जिना, तिथला नळ, तिथली घंटा डोळे मिटूनही सापडते, कारण तिथे बावीस वर्षं काढली आहेत. लीलाधरला वाईट वाटलं, खरंच वाटलं. चारुलता मॅडमना सांगून हा अर्ज वर काढायला लावू, असं त्याने मनात म्हटलंही. तेवढ्यात जळगावच्या सर्व्हरची खराब झालेली डिस्क बदलायला माणूस दारात येऊन उभा राहिला. पडद्यावर काहीतरी विचारणा आली होती, तिला त्याने सवयीने ‘हो’ केलं, खिडकी बंद केली आणि उठला. खूण करायची राहिली. चारुलता मॅडमना सांगायचंही राहिलं. पुढे ती गोष्ट डोक्यातून गेली ती मंगळवारचा पेपर हातात पडेपर्यंत.

“आबा,” लीलाधर आता म्हणाला, आणि आपला आवाज इतका सरळ निघतोय याचंच त्याला नवल वाटलं, “कधी कधी दोन सर्व्हरमध्ये खुणांचा घोळ होऊ शकतो. एप्रिलमध्ये इथला सर्व्हर चार दिवस बंद होता. सगळं काम धुळ्यावरून चालू होतं. तेव्हा...”

आबांनी त्याच्याकडे बघितलं. “उद्घाटनाला तुम्हीच माइक धरून म्हणाला होतात ना चौधरी, की एक वेळ माणूस चुकेल, हे सर्व्हर चुकणार नाहीत?”

म्हणाला होता. टाळ्याही घेतल्या होत्या. लीलाधरने टोपण पेनाला लावलं.

“सर, पण लॉग असतो ना?” समीक्षा एकदम त्याच्याकडे वळली. “कोणी कधी काय उघडलं त्याची नोंद सर्व्हर ठेवतो, असं तुम्हीच शिकवलंय. त्यात बघितलं तर कळेल मी उघडला नाही ते.”

“झालं तर मग,” आबांनी चष्मा उचलला. “चौधरी, नोंद घेऊन या. शनिवारी मला हातात पाहिजे. तोवर त्या अर्जाला कोणी हात लावायचा नाही. उघडून पाहायचासुद्धा नाही.” आणि समीक्षाकडे न बघता म्हणाले, “तुमच्या कागदाचं शनिवारीच बघू.”

खोलीबाहेर समीक्षाने त्याला गाठलं. तिच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव होता. “बरं झालं सर तुम्ही होतात,” ती म्हणाली. लीलाधर ‘हं’ म्हणाला. त्या एका ‘हं’ची त्याला पुढे कितीतरी दिवस लाज वाटायची होती.

गुरुवारी सकाळी तो धुळ्याच्या बसमध्ये बसला. जळगावचा सर्व्हर तेव्हा बंद असल्यामुळे त्या चार दिवसांची नोंद फक्त धुळ्याच्या सर्व्हरवर होती, आणि तिथे बसूनच ती काढायची असा त्याचाच नियम. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि त्याच्या डोक्यात एकच हिशेब फिरत होता. नोंदी साठ दिवस राहतात. एकसष्टाव्या दिवशी सर्व्हर त्या आपोआप पुसतो. जागा अडू नये म्हणून ते त्यानेच लावून ठेवलं होतं. एकवीस एप्रिलला साठ दिवस शुक्रवारी भरत होते. म्हणजे काही खोडायचं नाही, काही लपवायचं नाही. फक्त दोन दिवस हात बांधून बसायचं. शनिवारी आबांसमोर उभं राहून म्हणायचं, नोंद जुनी झाली, पुसली गेली. खोटंही नाही. सर्व्हर चुकलाच नाही, त्याने सांगितलेलं काम केलं.

मग समीक्षाचं काय, हा प्रश्न पारोळ्याला आला. लीलाधरने त्याला उत्तर शोधलं. हुशार पोरगी आहे, कुठेही लागेल. उत्तर शोधता शोधताच त्याला स्वतःची किळस आली, पण त्याने ते उत्तर टाकून दिलं नाही, हेही खरं.

धुळ्याच्या उपकार्यालयात सर्व्हर एका काचेच्या कपाटात होता आणि कपाट समीक्षाच्या टेबलामागे. तिने त्याच्यासाठी खुर्ची पुसून ठेवली होती. चहा सांगितला होता. लीलाधरने नोंद शोधली. शोधायला काही लागलं नाही. ‘एकवीस एप्रिल, तीन वाजून अठरा मिनिटं, फोल्डर बदली अर्ज, वाचल्याची खूण, वापरकर्ता लीलाधर.’ एवढीशी ओळ. त्याने पडदा थोडा आपल्याकडे वळवून घेतला.

“सापडलं का सर?”

“वेळ लागेल,” तो म्हणाला. “खूप मोठी फाइल आहे. बहुतेक उद्या. उद्या नाही झालं तर शनिवारी सकाळी.”

“चालेल ना सर,” समीक्षा म्हणाली. “तुम्ही आहात म्हटल्यावर मला काळजी नाही.” मग जरा थांबून म्हणाली, “मी दुपारी सोनगीरला जाऊन येणार आहे, नानांना बघायला. मी काही केलेलं नाही, पण माझ्या नावावर आहे ना ते. मला झोप नाही दोन दिवस. तुम्ही येता का? तुमचंच गाव.”

नाही म्हणायला त्याला एकही कारण सुचलं नाही.

सोनगीर धुळ्याहून अर्ध्या तासावर. किल्ल्याच्या टेकडीखाली बस थांबली आणि लीलाधर खालमानेने उतरला. नानांचं घर त्याला पाठ होतं. इथल्याच ओट्यावर बसून त्याने कितीदा त्यांची पत्रं वाचून दाखवली होती. लीलाधर सातवीत असताना अख्ख्या आळीची पत्रं त्याच्याकडे यायची. बायका-माणसं पोस्टकार्ड घेऊन यायची, तो वाचायचा, मग म्हणतील तसं उत्तर लिहून द्यायचा, वर गुळाचा खडा मिळायचा. दुसऱ्याच्या घरातलं आपल्याला आधी कळतं याची गोडी त्याला तिथेच लागली. गुळाची पुढे सुटली, ती नाही सुटली.

नाना खाटेवर बसले होते. उजवा हात गळ्यात, कपाळाला पट्टी, डोळे दाराच्या दिशेने पण दाराच्या जरा बाजूला. त्यांची बायको सुंदरबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. रत्ना आतल्या दाराला टेकून उभी होती, हातात मोबाइल. तिने लीलाधरला बघितलं आणि मान फिरवली.

“नाना, मी लीलाधर.”

“आवाजवरथीनच वयखं रे भो!” नानांचा चेहरा उजळला. “ये, बठ. सुंदर, पानी आन. दख, कोन उना. मी सांगे ना तुले, तो येवाशिवाय ऱ्हावाव नही म्हनीसन.”

समीक्षाने पुढे होऊन सांगितलं, ती धुळ्याच्या कार्यालयातली, अर्ज तिच्याकडे असतात. “नाना, तुमचा अर्ज मला दिसलाच नाही हो. देवाशप्पथ सांगते.” बोलता बोलता तिला रडू आलं.

“तुना काय दोष बेटा,” नाना म्हणाले. “बठ. तू काब्र रडस?”

मग ते लीलाधरच्या दिशेने वळले आणि डाव्या हाताने चाचपत त्यांनी त्याचा गुडघा शोधला. “मी काय म्हनस लीलाधर, तू मनवर घुस्सा तं नही ना? मी आठेच बठी ऱ्हायनू. जळगावले येवाले पाहिजे व्हतं, आबासना पाय धराले पाहिजे व्हतं. पन तुनं नाव दखं आनि मी निचित व्हई गऊ.”

“कसलं नाव, नाना?” लीलाधरने विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं.

“मोबाइलमा उनं व्हतं ना. रत्नानी वाची दावं.”

रत्ना दारातून पुढे आली. ती शिकलेली, शहरातल्या लोकांशी शहरातलंच बोलणारी. मोबाइल तिने लीलाधरच्या हातात दिला नाही, समीक्षाच्या हातात दिला. “अर्ज पाठवताना मी ‘वाचल्याची पोच हवी’ यावर खूण केली होती,” ती म्हणाली. “तीन वाजून एकोणीस मिनिटांनी पोच आली. वाचा ना ताई. मोठ्याने वाचा.”

समीक्षाने वाचलं, पण मोठ्याने नाही. तरी लीलाधरला ती पोच शब्दन् शब्द ऐकू आली, कारण तिचा मसुदा त्यानेच भरून ठेवला होता. ‘आपला संदेश लीलाधर चौधरी यांनी वाचला आहे.’ डिस्कवाला दारात उभा असताना पडद्यावर जी विचारणा आली होती ती हीच. पोच पाठवू का? त्याने ‘हो’ केलं होतं.

“मी कालच हे आबांना पाठवणार होते,” रत्ना म्हणाली. “नानांनी शपथ घातली. म्हणे, लीलाधरचं नाव कशाला आणायचं.”

“चूप वं,” नाना म्हणाले. “त्यानी वाचं, त्यानं काम करं. फुढे कोनी अटकाडं व्हई. मोठं हाफिस शे.” आणि पुन्हा गुडघ्यावर हात. “मी सुंदरले सांगं, आते जळगावले जावानं काम नही. आपला लीलाधरनी वाचं शे. न्हाना व्हता तवय बी आपला कागद तोच वाचे. वाची बी दे आन जवाब बी तोच लिखी दे. जवाब येवाना ऱ्हास का?”

सुंदरबाईंच्या सुपातले तांदूळ तेवढे वाजत राहिले. लीलाधरला वाटलं, या माणसाने आपल्या थोबाडीत मारावी. रत्नाने मारावी. पण नानांचा हात गुडघ्यावर तसाच होता, उबदार, विश्वासाने ठेवलेला, आणि तो तिथून उचलायची लीलाधरची छाती झाली नाही.

“नाना,” तो म्हणाला. गावचं बोलणं कितीतरी वर्षांनी त्याच्या तोंडात आलं. “फुढे कोनीच अटकाडं नही. मीच अटकाडं. माले वाचानं कामच नव्हतं. मी चोरीसन वाचं. मी वाचं म्हनीसन या पोरले ते दिसनंच नही.”

नानांचे डोळे दाराच्या बाजूच्या भिंतीवर होते. मग त्यांनी हात काढून घेतला. रागाने नाही, चुकून दुसऱ्याच्या वस्तूला हात लागला तर माणूस घेतो तसा. “बरं,” ते म्हणाले. तेवढंच म्हणाले. सुंदरबाईंनी पाण्याचा तांब्या आणून ठेवला होता. तो तसाच राहिला.

परतीच्या बसमध्ये समीक्षा खिडकीशी बसली आणि लीलाधर तिच्या शेजारी. अर्धा तास ती बाहेर बघत होती. तिने रागावून बोलावं म्हणून तो वाट बघत होता. धुळ्याचा थांबा आल्यावर ती म्हणाली, “सकाळी फाइल मोठी नव्हती ना, सर?”

“नव्हती.”

“शनिवारपर्यंत साठ दिवस भरून नोंद पुसली गेली असती.”

“उद्या रात्रीच,” तो म्हणाला. तिने मान हलवली आणि आधी उतरून पुढे चालू लागली.

कार्यालयात जाऊन लीलाधर सर्व्हरसमोर बसला. या वेळी पडदा वळवला नाही. नोंदीची ओळ काढली, खाली लिहिलं की एकवीस एप्रिलला अर्ज मी उघडला, कामासाठी नाही, चटकेपायी. दीड वर्षं मी असेच अर्ज वाचत आलो आहे. बुधवारी सर्व्हरवर ढकललं ते खोटं होतं आणि समीक्षा बैसाणे यांचा यात काडीचाही दोष नाही. आबांच्या एकट्याच्या पत्त्यावर पाठवायला हात गेला होता. मग त्याने तो मागे घेतला आणि ते बदली अर्जांच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकलं, आबांनाही दिसेल, चारुलता मॅडमनाही, आणि मागच्या टेबलावर समीक्षालाही.

ओळ ठळक दिसत होती. समीक्षाच्या पडद्यावरही दिसत असणार, पण तिने ती उघडली नाही. ते तिचं काम नव्हतं. लीलाधर बघत बसला. दहा मिनिटांनी ओळ साधी झाली. जळगावात कोणीतरी वाचलं होतं. आबांनी की चारुलता मॅडमनी, कळायला मार्ग नव्हता. त्याची मान आणि कान तापले आणि ज्यांचे ज्यांचे अर्ज त्याने आजवर वाचले होते त्यांची आठवण झाली. जामनेरच्या त्या मास्तरांचीसुद्धा, ज्यांना तो इतका हसला होता.

फोन वाजला तो समीक्षाचा. “हो आबा,” ती म्हणाली. “हो. हो, आहेत इथेच.” मग बराच वेळ ऐकत राहिली. फोन ठेवून तिने डोळ्यांच्या कडा ओढणीने टिपल्या. “मला ‘पोरी’ म्हणाले,” ती स्वतःशीच म्हणाली. नंतर लीलाधरला, “नानांच्या अर्जाला आता हात लाव म्हणाले. डोळ्यांचा दाखला जोडून आजच्या आज वर पाठवायचाय. आणि तुम्हाला उद्या सकाळी बोलावलंय.”

“बरं.”

“तो अर्ज ठळक करून द्या सर. मला माझं काम ठळक दिसू दे.”

लीलाधरने नानांच्या ओळीवर ‘न वाचलेली’ अशी खूण केली. एका टिचकीचं काम. दोन महिन्यांपूर्वी करायचं होतं. ओळ ठळक झाली, समीक्षाने ती उघडली आणि सावकाश वाचू लागली. डोळ्यांबद्दल वाचलं, जिन्याबद्दल वाचलं, नळाबद्दल, घंटेबद्दल. मग ती थांबली.

“शेवटी लिहिलंय,” ती म्हणाली, आणि वाचून दाखवलं, “‘बदली होईल न होईल, पण अर्ज वाचला एवढे कळवले तरी मनाला आधार वाटेल. ज्यांनी वाचला त्यांच्या भरवशावर राहीन.’ सर, तुम्ही हे वाचलं होतं?”

लहानपणी लीलाधर पत्र वाचायचा तेव्हा शेवटच्या नमस्कारापर्यंत वाचायचा, कोपऱ्यात उभ्या ओळीत दाटीने लिहिलेलंही सोडायचा नाही.

“नाही,” तो म्हणाला. “एवढं खाली गेलोच नव्हतो.”